तात्यांचं काय काय बंद झालं होतं: कोपरखैरण्यातलं एक प्रकरण

एप्रिलमधली दुपार. ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. वडिलांची पाठ दुखते, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, हाडांचे डॉक्टर म्हणाले एकदा समुपदेशकाला दाखवा. "आणि हल्ली ते गप्प गप्प असतात," असं त्या शेवटी म्हणाल्या. मी वही उघडली, बारा दिवसांनंतरची वेळ दिली आणि फोन ठेवला. त्या दिवशी कुणी आलंच नाही. गावची जत्रा आडवी आली होती. मंडळी आली ती जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर. मधल्या सात-आठ आठवड्यांत त्या घरात काय घडलं ते नंतर ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. फोनवर एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. तो कुठला, ते पुढे येईलच.

नैराश्याचं हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना इथे तात्या म्हणू, त्यांच्या पत्नीला मावशी. मी डॉक्टर नाही. नवी मुंबईत एका मानसोपचारतज्ज्ञांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. औषधाचा निर्णय त्यांचा, बोलण्याबसण्याचं काम माझं.

घर आणि टोळी

तात्या ५४ वर्षांचे, मूळचे पाटण तालुक्यातले. विशीत मुंबईला आले, चुलत्याच्या ओळखीनं माथाडी टोळीत शिरले आणि पुढची तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहिल्या. घर कोपरखैरण्यात. घरी मावशी आणि २६ वर्षांचा मुलगा, तो महापेला नोकरीला. मुलगी लग्न होऊन ठाण्यात, तिला चार वर्षांची लेक. तात्या माळकरी. दारू नाही, तंबाखू नाही, मटण-मासळी नाही. संध्याकाळी सेक्टरातल्या विठ्ठल मंदिरात हरिपाठाला उभे राहायचे, हातात स्वतःचे पितळी टाळ.

टोळीचा हिशोब समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडी खाली केली की मजुरी टोळीच्या नावावर पडते आणि माणसांमध्ये वाटली जाते. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे ती माथाडी मंडळामार्फत हातात येते, तिच्यासोबत भविष्य निर्वाह निधीही येतो. पण वाटणी शेवटी टोळीचीच. आदल्या पावसाळ्यात तात्यांचा उजवा गुडघा सुजला आणि पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून उतरणं जमेना. मुकादम जुना माणूस, त्यानं त्यांना गोण्या मोजायला, झाडलोट बघायला ठेवलं. वाटणी मात्र तीच ठेवली. टोळीतल्या एकाही पोरानं तक्रार केली नव्हती, हे मुलानं नंतर मुद्दाम जाऊन विचारलं. तरी तात्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं: मी पोरांच्या हिश्शाचं खातोय.

हे वाक्य मी पहिल्या भेटीत तीनदा ऐकलं. अपराधी वाटणं हे नैराश्याचं एक लक्षण आहे, पण तात्यांच्या बाबतीत ते इतक्या सभ्य कपड्यांत आलं होतं की घरच्यांना त्यात त्यांची प्रामाणिक वृत्तीच दिसली.

आठ महिने

दिवाळीपासून जूनपर्यंत या घरानं तात्यांच्या दुखण्याला निरनिराळी नावं दिली. आधी ते वय होतं. मग पाठ झाली. पाठीचा एमआरआय काढला, त्यात वयानुसार झीज दिसली, जी तीस वर्षं ओझं वाहिलेल्या कुठल्याही पाठीत दिसेल. मग पित्त; जेवण कमी झालं होतं, तोंडाला चव नव्हती, वजन सहा किलोंनी उतरलं होतं. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी दुखण्याच्या, तिसऱ्यांनी झोपेच्या. झोपेच्या गोळ्या पंधरा दिवसांसाठी होत्या. औषधाच्या दुकानातून त्या चार महिने येत राहिल्या. मावशींच्या बहिणीनं नजर लागल्याचं सांगितलं, गावाहून अंगारा आला. आणि मुलगा एकदा वैतागून बोलून गेला की तात्या आता आळशी झालेत. तीस वर्षं पहाटे उठून गाड्या उतरवणारा माणूस एका दिवाळीत आळशी होतो, हे त्या घरात त्या क्षणी कुणाला खटकलं नाही. त्यांना दोष देत नाही. रोज समोर असलेला माणूस रोज थोडा थोडा बदलतो, तो दिसत नाही. दिसलं ते ठाण्याच्या लेकीला, कारण ती पंधरा दिवसांनी एकदा यायची.

झोपेची गोष्ट तर फार चमत्कारिक. नैराश्यात पहाटे दोन-तीनला जाग येणं आणि मग डोळा न लागणं ही अगदी नेहमीची खूण. आम्ही ती हमखास विचारतो. पण कांदा-बटाट्याच्या गाड्या रात्रीतून येतात आणि पहाटे खाली करायच्या असतात. तीनला उठणं ही तात्यांची नोकरीच होती. झोप मोडलेली आहे हे मावशींना कळलं ते मार्केट बंद असलेल्या दिवशी, तेव्हाही तात्या अंधारात खाटेवर बसलेले दिसले म्हणून. त्यांनी विचारलं, "काय करताय?" तात्या म्हणाले, "काय न्हाई." गाडी नाही, मोबाइल नाही, हातात जपमाळही नाही. नुसते बसलेले.

पहिली भेट

तिघं आले. तात्या खुर्चीच्या कडेला टेकले, मांडीवर एमआरआयची मोठी पिशवी. "मला काय झालं न्हाई. ही पोरं उगंच आणत्यात." बोलण्याची गती इतकी संथ की प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये पंख्याचे फेरे मोजता यावेत. मुलगा दर वेळी वडिलांच्या आधी उत्तर द्यायचा, त्याला दोनदा थांबवावं लागलं.

"मन उदास असतं का?"

"न्हाई."

"रडू येतं?"

"न्हाई. रडाय काय झालंय?"

इथे थांबले असते तर माझा कागद कोराच राहिला असता. 'उदास' हा शब्द आमच्या फॉर्मवर असतो, तात्यांच्या पिढीतल्या पुरुषांच्या तोंडी तो क्वचितच येतो. त्यांच्याकडे दुसरे शब्द आहेत: मन लागत नाही, जीव रमत नाही, कशात राम वाटत नाही. मानसोपचाराच्या पुस्तकांत ज्याला आनंद घेण्याची क्षमता हरवणं म्हणतात ते मराठीनं 'राम वाटत नाही' इतक्या तीन शब्दांत कधीच सांगून ठेवलं आहे. रोज हरिपाठ करणाऱ्या माणसाला ते विचारताना माझीच जीभ जरा अडखळली.

मी विचारायची पद्धत बदलली. छातीत, पोटात काय होतं ते विचारलं. "सकाळच्या पारी छातीवर पोतं ठेवल्यावानी असतं. सांजच्याला जरा हलकं होतं." सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, हाही नैराश्यातला ओळखीचा चढउतार. मग पुढे, स्वतःहून: "पाठीवरचं पोतं टाकून देता येतं. ह्ये येत न्हाई."

त्यानंतर मी मावशींकडे वळले. दिवाळीपासून काय काय बंद झालं?

मावशी बोटांवर मोजायला लागल्या. हरिपाठ बंद. रविवारी कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल धरून नातीकडे जाणं आणि तिला तलावपाळीवर फिरवणं बंद. एक दिवसाआड दाढी करणं बंद. पेपरातलं राशिभविष्य घरादाराला मोठ्यानं वाचून दाखवणं बंद. रात्री गावी धाकट्या भावाला फोन लावून शेताच्या बांधावरून भांडणं बंद. चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरणं बंद. मग थांबून त्या म्हणाल्या, "ताई, मला वरडनं पन बंद झालंय." आणि पदर डोळ्यांना लावला. बायको नवरा ओरडत नाही म्हणून रडते आहे, हे बघून मुलाला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

माझ्या मते हे सगळं प्रकरण या यादीत आहे. आपण नैराश्यात रडणारा, हताश बोलणारा माणूस शोधत बसतो. तात्या एकदाही रडले नाहीत. त्यांच्या आयुष्यातून एकेक गोष्ट बिनआवाजाची उठून गेली, आणि जे नाही ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मुलानं एक रास्त शंका काढली. गुडघा गेला, काम गेलं, तर माणसाला वाईट वाटणारच ना? वाटणारच. पण वाईट वाटणं लाटांसारखं येतं. विषय निघाला की भरून येतं, नात मांडीवर येऊन बसली की घटकाभर विसरतं. तात्यांच्या मांडीवर नात येऊन बसली होती तेव्हा त्यांनी तिला उचलून मावशींकडे दिलं होतं. दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन खाली किंवा कशातच रस नाही, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपण, हालचालीतला संथपणा किंवा बेचैनी, मरणाचे विचार यांपैकी बऱ्याच गोष्टी. मिळून पाच किंवा जास्त लक्षणं आणि रोजचं जगणं अडलेलं, इतकं जुळलं की निदान होतं. तात्यांचे दोन आठवडे केव्हाच होऊन गेले होते.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक यादी असते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला त्याला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या पुढे गेलं की आम्ही गांभीर्यानं बघतो, विसाच्या पुढे तीव्र समजतो. तात्यांचे १९ आले. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, पण सुधारणा मोजायला तो चांगला उपयोगी पडतो.

नववा प्रश्न

त्या यादीतला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तात्यांनी त्यावर 'काही दिवस' असं सांगितलं होतं. मी मावशींना आणि मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं: तात्या, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?

बराच वेळ काही नाही. मग त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. "येतं मनात. पन माळ हाय गळ्यात."

कधीपासून, किती वेळा, कसं करायचं हे ठरवलंय का, हे सगळं विचारलं. त्यांनी एक जागाही मनात धरली होती. ती इथे लिहिणार नाही; अशा गोष्टी वाचून आधीच काठावर असलेल्या माणसाचं नुकसान होतं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर तात्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. आत्महत्येबद्दल विचारलं तर ती कल्पना डोक्यात शिरेल, अशी भीती लोकांना वाटते. सुरुवातीच्या काळात मलाही वाटायची. विचारल्यानं धोका वाढत नाही. बहुतेक माणसांना कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं.

मग मे महिन्यातल्या गोष्टी एकेक बाहेर आल्या. तात्यांनी बँकेचं पासबुक मावशींच्या हातात दिलं होतं. मुलाला माथाडी मंडळाची कागदपत्रं कुठल्या पेटीत आहेत ते दोनदा दाखवलं. "माझ्यामागं आईला गावाला धाडू नगा" असं जेवताना म्हणाले. आणि एका एकादशीला स्वतःचे टाळ भजनी मंडळाला देऊन आले. घरच्यांनी त्याला विरक्ती म्हटलं. माळकरी माणूस, वय होत आलं, सोडवून घेतोय एकेकातून. मंडळातल्या कुणीतरी तर कौतुकही केलं.

एप्रिलच्या फोनवर मी विचारायला हवा होता तो प्रश्न हाच: ते मरणाबद्दल काही बोलतात का? लेकीनं कदाचित 'नाही' म्हटलं असतं. पण निदान मे महिन्यात पासबुक हातात आलं तेव्हा तिला माझा प्रश्न आठवला असता. आता वेळ देण्यासाठी आलेल्या प्रत्येक फोनवर मी तो विचारते, समोरचा कितीही अवघडला तरी.

त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना पाहिलं. दाखल करायचं का, हा पहिला निर्णय. जिवाचं बरंवाईट करण्याचा पक्का इरादा असता, भास होत असते, अन्नपाणी पूर्ण सुटलं असतं किंवा घरी लक्ष ठेवणारं कुणी नसतं, तर दाखल केलंच असतं. तात्यांनी तीन दिवसांनी परत यायचं कबूल केलं, मुलानं आठ दिवस रजा घेतली, लेक राहायला आली. तात्यांना विचारून मावशींना आणि मुलाला परिस्थिती स्पष्ट शब्दांत सांगितली. घरातल्या सगळ्या गोळ्या गोळा झाल्या. तीन डॉक्टरांच्या मिळून एक पिशवीभर निघाल्या. तात्यांना एकटं सोडायचं नाही, पण पहारा असल्यासारखंही वागायचं नाही. मुलाच्या मोबाइलमध्ये दोन नंबर घालून दिले: जिवाशी आल्यावर ११२, आणि रात्री-बेरात्री बोलायला टेली मानस, १४४१६. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. तिसऱ्या रात्री दोन वाजता लेकीनं तो नंबर लावला. तात्यांसाठी नव्हे, तिला स्वतःलाच धीर सुटल्यासारखं झालं होतं म्हणून.

"ठाण्याला नेणार का?"

तीन दिवसांनी परत आले तेव्हा लेकही सोबत होती. निघताना मावशींनी मला जिन्यात गाठलं. आवाज अगदी खाली. "ठाण्याला न्हाई ना टाकनार ह्यांना?"

मुंबईच्या आसपास वाढलेल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. 'याला ठाण्याला पाठवा' ही चेष्टा आपण शाळेपासून करत आलोय, आणि त्या चेष्टेची किंमत मावशींसारख्या बाया मोजतात. तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, माणसं सकाळी जातात, औषध घेऊन घरी येतात, हे त्यांना सांगितलं. तात्यांना सध्या कुठेच दाखल करायचं नाही हेही सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला तो मात्र लेकीच्या बोलण्यानं: "आई, मी ठाण्यातच राहते की गं. मला कुणी टाकलं तिथं?" पायऱ्यांवर तिघी हसलो. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली आणि मनाच्या आजारांवर मराठीत, लोकांना कळेल असं बोलण्याचा पायंडा पडला. शहराच्या नावाला दुसरा अर्थ मिळायला सुरुवात होऊन तीस वर्षं उलटली, पण चेष्टा जुनीच चालू आहे.

मुलाची काळजी वेगळी. पोलीस केस होईल का? टोळीत कळेल का? मनात असे विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर त्यापुढे जाऊन सांगतो की ज्यानं प्रयत्न केला तोही तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला उपचार द्यायचे. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच धरावं अशी तरतूदही आहे. मुकादमाला काय सांगायचं ते तात्या ठरवतील, असं ठरलं. त्यांनी पुढे सांगितलंही. मुकादम म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला पन चालूय ती गोळी."

गोळी, सुई आणि गणपती

डॉक्टरांनी औषधाच्या आधी रक्त तपासायला दिलं. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी असलं, बी-१२ खालावलं तरी माणूस असाच थकलेला, मंद, निरुत्साही दिसू शकतो. थायरॉइड ठीक निघालं. बी-१२ मात्र बरंच कमी होतं, जे दूधही फारसं न घेणाऱ्या शाकाहारी माणसात आश्चर्याचं नाही. सुया सुरू झाल्या. घरात आनंदीआनंद: बघा, व्हिटॅमिनच कमी होतं! मला त्यांचा आनंद मोडवत नव्हता, तरी मोडावा लागला. कमतरता भरून काढायचीच, पण आठ महिन्यांचं आजारपण आणि मरणाचे विचार एवढ्या एका सुईच्या भरवशावर सोडता येत नाहीत.

आणखी एक प्रश्न डॉक्टरांनी खोदून विचारला: आयुष्यात कधी याच्या उलट काळ आला होता का? झोप नको, अफाट उत्साह, पैसे उधळणं, न थांबता बोलणं? तसं असतं तर आजार द्विध्रुवी प्रकारचा ठरला असता आणि नुसती नैराश्याची गोळी त्याला उलट भडकवू शकते. दुसऱ्याला लागू पडलेली चिठ्ठी दाखवून औषध आणू नये ते यासाठी. तात्यांच्या बाबतीत तसं काही नव्हतं. एसिटालोप्रॅम हे नैराश्याचं औषध सुरू झालं, पहिला आठवडा अर्ध्या मात्रेवर. झोपेची गोळी हळूहळू उतरवत बंद केली.

पहिले आठ दिवस मळमळ, डोकं जड. मावशींचा फोन: "गोळीनं जास्तच झालं." हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून गोळी टिकली. या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण दिसायला त्याहून जास्त. आधी झोप आणि भूक सुधारते, मन सर्वात शेवटी. मधल्या काळात अंगात बळ येतं पण आतला अंधार तसाच असतो, म्हणून त्या दिवसांत लक्ष अधिक ठेवायचं. तिसऱ्या आठवड्यात तात्या रात्री साडेतीनपर्यंत झोपले. सहाव्या आठवड्यात पीएचक्यू ११ वर आला.

आणि मग गणपती. तात्या गावी गेले, बरं वाटत होतं, चुलतभाऊ म्हणाला या गोळ्यांची सवय लागते, तात्यांनी त्या दिवशीच पाकीट बंद केलं. चौथ्या दिवशी गरगरायला लागलं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं, चिडचिड. चुलतभावाला पुरावाच मिळाला: बघ, लागली ना सवय! खरं तर व्यसन म्हणजे मात्रा वाढवत न्यावीशी वाटणं, गोळीसाठी जीव तळमळणं. तसं या औषधांत होत नाही. पण मेंदू त्यांना सरावलेला असतो, म्हणून ती अचानक तोडायची नाहीत, डॉक्टरांनी सांगितलेल्या बेतानं पायरी पायरीनं उतरवायची. सवय खरोखर लागू शकते ती झोपेच्या गोळ्यांची, ज्या चार महिने बिनबोभाट घरात येत होत्या आणि ज्यांच्याबद्दल चुलतभावाला काही म्हणायचं नव्हतं. तात्यांनी परत गोळी सुरू केली. पूर्ण बरं वाटल्यावरही पहिल्या खेपेला ती सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, नाहीतर आजार परतण्याची शक्यता वाढते.

कारण काय?

मुलाला एकच कारण हवं होतं, आणि ते स्वतःच असावं अशी त्याची खात्री होती. गुडघा सुजला तेव्हा तो प्रेमानं म्हणाला होता, "तात्या, आता बसा घरी, मी आहे ना." त्या वाक्यानं वडील कोसळले असं तो धरून बसला होता. एका वाक्यानं हा आजार होत नाही. सतत दुखणारं शरीर, कमी पडलेलं बी-१२, ज्या कामानं ओळख दिली ते सुटणं, आणि बहुधा रक्तातूनही काही. तात्यांचे एक चुलते 'तरुणपणीच गेले' असं पहिल्या भेटीत कळलं होतं. कसे गेले, हे त्या घरात कुणी बोलत नव्हतं. मी दोनदा दार ठोठावलं. ते उघडलं नाही. घराण्यात असा आजार असला तर पुढच्यांना धोका थोडा वाढतो. म्हणून ते मुलाच्या कानावर घातलं. त्यानं मान हलवली आणि विषय बदलला.

त्याचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला: आम्ही कधी आणायला हवं होतं? आम्ही दोघांनी मिळून कॅलेंडर मागे उलटलं. नोव्हेंबरच्या शेवटी, हरिपाठ सुटून दोन आठवडे झाले तेव्हा, नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणं पुरेसं होतं. मात्र पाठीबरोबर झोपेचं, जेवणाचं आणि सुटलेल्या हरिपाठाचंही सांगायला हवं होतं. त्यांनी पाठ सांगितली, डॉक्टरांनी पाठ बघितली. जानेवारीत रिपोर्ट नॉर्मल येऊनही दुखणं थांबेना, वजन उतरत होतं, नातीकडे जाणं बंद होतं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ. मे महिन्यात पासबुक हातात आलं आणि टाळ देऊन टाकले, तेव्हा त्याच दिवशी, वेळ न घेता, कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेलं तरी चाललं असतं. तो कागदावर या तीन तारखा लिहून घेऊन गेला. आपल्याकडे उशीर हाच नियम आहे: २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते.

वही

गोळीइतकंच काम एका शंभर पानी वहीनं केलं. मन लागलं की मंदिरात जाईन, असं तात्या म्हणायचे. या आजारात ते उलटं चालवावं लागतं: आधी जायचं, मन मागून कधीतरी येतं. पहिल्या आठवड्याचं काम होतं सकाळी कोपऱ्यावरून दूध आणणं, बस्स. नंतर मंदिराच्या पायरीवर दहा मिनिटं बसणं. आत जायचं नाही, गायचं नाही, कुणी विचारलं तर गुडघा सांगायचा. तात्यांना हे पोरखेळ वाटले आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलंही. तरी केले. मावशींना दोन कामं: "हसा की जरा" म्हणायचं नाही, आणि रात्री तात्यांनी दिवसभरात काय केलं ते वहीत लिहायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशींचं अक्षर मोठं, एका पानावर सहा ओळी.

जुलै: 'दूद आनलं.' 'दूद आनलं नाही.' 'दाढी केली.' ऑगस्ट: 'पायरीवर बसले, पाऊस आला म्हनून आत गेले.' ऑक्टोबरात ठाण्याची लोकल, सोबत मुलगा. तलावपाळीवर नातीनं घोडागाडी मागितली आणि तात्यांनी घासाघीस केली, हे लेकीनं मला फोन करून सांगितलं.

टाळ परत मागायला ते गेलेच नाहीत. मंडळानं ते एका पोराला दिले होते, त्याच्याकडून काढून घेणं त्यांना पटेना. मुलानं नवे आणले, ते आवाजाला हलके आहेत अशी तक्रार चालू आहे. गोण्या वाहणं कायमचं थांबलं. पहाट अजून कधीतरी जड जाते. मागच्या भेटीत पीएचक्यू ५ होता, गोळी चालू आहे, पुढची तारीख पुढच्या महिन्यातली.

मावशींनी त्या दिवशी वही माझ्यासमोर उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शेजारी लाल पेनानं मोठी बरोबरची खूण होती. मी वाचलं:

'गावाला फोन केला. बांदावरून भांडले. अर्दा तास.'